गळाची काठी आणि दोऱ्याचे बळ

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, गोरेगाव नावाचे गाव आहे. तेथून समुद्र चारशे किलोमीटरांहूनही दूर. या मुलखाला पाणी ठाऊक आहे ते उत्तर सीमेवरील पैनगंगेचे, मधून वाहणाऱ्या कयाधूचे आणि दक्षिणेकडील पूर्णेचे. खारे पाणी त्याच्या नित्याच्या अनुभवाबाहेरचे. तथापि समुद्रातील बलाढ्य माशाला काठीने व दोऱ्याने कसे धरावे, या विद्येचे मूळ सूत्र येथल्या काळ्या मातीतील शेतकऱ्यास पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. विहिरीवर मोट चालत असे त्या काळी मोटेला दोन दोर असत. भरलेल्या मोटेचा सारा भार वाहणारा तो नाडा. तो जाड आणि घट्ट पिळाचा. मोटेची सोंड तोलून धरणारा तो सोंदूर. तो बारीक आणि हलका. नाड्याच्या जागी सोंदूर बांधला तर मोट विहिरीच्या तळाशी जाई. सोंदुराच्या जागी नाडा बांधला तर बैलांना विनाकारण ओझे होई. बैलाचा कासरा निराळा, वासराचे दावे निराळे. दोर भाराला साजेसा असावा, आणि ज्या चाकावर व ज्या लाकडावर तो पेलावयाचा ते दोराला साजेसे असावे, हे तत्त्व कोणा ग्रंथात वाचून कोणी शिकले नव्हते.

गळाच्या काठीचा प्रश्न याच्या एक पाऊल पुढचा आहे. मोटेचा भार मुकाट असतो. तो किती, हे आधी ठाऊक असते. गळास लागलेला मासा हा जिवंत भार होय. तो किती वजनाचा आहे, कोणत्या दिशेने धावेल, केव्हा उसळी घेईल, केव्हा खडकाखाली शिरेल, याचा अंदाज काठी धरणाऱ्यास आधी येत नाही. म्हणून काठी किती कणखर असावी, दोरा किती वजनाचा असावा, आणि या दोहोंचा मेळ कसा घालावा, या एका प्रश्नाभोवती मनुष्याची बुद्धी शेकडो वर्षे फिरत राहिली. या शोधाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. कारण त्यात शेवटी हाती लागलेले उत्तर बलाचे नसून मर्यादेचे आहे.

या इतिहासाचे एक जुने आणि मानाचे पान गोरेगावच्या मुलखाशी अगदीच असंबद्ध नाही. बाराव्या शतकात हा प्रदेश कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात मोडत असे. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. तेथील सहावा विक्रमादित्य याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११२६ ते ११३८ पर्यंत राज्य केले. हा राजा ग्रंथकार होता. इ. स. ११२९ च्या सुमारास त्याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. वीस वीस अध्यायांचे पाच भाग, असे एकूण शंभर अध्याय त्यात आहेत. आणि राज्यकारभारापासून पाकशास्त्रापर्यंत, गजविद्येपासून संगीतापर्यंत राजाने जाणावयाचे सर्व काही त्यात सामावले आहे. मराठी वाङ्मयाचे अभ्यासक या ग्रंथाकडे वळतात ते त्यात जुन्या मराठीतील पदांचे नमुने सापडतात म्हणून. परंतु त्यातील विनोदांच्या, म्हणजे मनोरंजनाच्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक अध्याय आहे, त्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते.

या अध्यायात राजाने माशांची वर्गवारी केली आहे. समुद्रातले कोणते आणि नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, हे तो सांगतो. कोणत्या माशाला कोणता चारा घालावा, दोरी कशी करावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, हेही त्याने नोंदविले आहे. हा अध्याय छापून प्रसिद्ध झाला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत. आणि सुंदरलाल होरा या प्रसिद्ध मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली त्यावर स्वतंत्र निबंध लिहून विद्वानांचे लक्ष त्याकडे वेधले. गळाने मासे धरणे हा पोटाचा उद्योग असतो, तसाच तो बुद्धीचा खेळही होऊ शकतो, आणि त्या खेळास साधनांचे शास्त्र लागते, ही जाणीव दख्खनच्या एका राजाला नऊशे वर्षांपूर्वी होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

साधनांच्या मापाचा उघड हिशेब मात्र पहिल्यांदा आढळतो तो इंग्लंडात. वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने १४९६ साली गळाच्या विद्येवर एक छोटा प्रबंध छापला. परंपरा तो ज्युलियाना बर्नर्स या मठवासी स्त्रीच्या नावावर घालते. त्याविषयी पंडितांत मतभेद आहेत. त्या काळी दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळीत असत. प्रबंधकर्त्याने काय केले, तर माशांची एक चढती श्रेणी लावली आणि प्रत्येकापुढे केसांची संख्या लिहिली. अगदी चिमुकल्या माशास एक केस, साधारण ट्राउट माशास नऊ केस, मोठ्या ट्राउटला बारा आणि सामन या बलिष्ठ माशास पंधरा. दोऱ्याचे बळ आकड्यात सांगता येते आणि तो आकडा माशावरून ठरवावयाचा असतो, ही कल्पना छापील स्वरूपात येथे प्रथम स्पष्ट दिसते.

त्याच प्रबंधात दुसरेही एक मर्म आहे. मासा लागल्यावर तो काठीच्या कह्यात राहील असे पाहावे. त्याला दोरा सरळ ताणू देऊ नये. त्याच्या उड्या व बुड्या काठीच्या लवचिक शेंड्याने आणि हाताने सोसाव्यात, असा तेथील उपदेश आहे. या एका उपदेशात काठीचे खरे कार्य सांगितले गेले. सामान्य समजूत अशी असते की, काठी म्हणजे माशाला ओढून काढण्याचा दांडा. वस्तुतः काठी ही कमान आहे. माशाने हिसडा मारला की ती वाकते, आणि वाकता वाकता त्या हिसड्याचा जोर थोड्या थोड्या अवधीत वाटून घेते. ज्या हिसड्याने ताणलेला दोरा तत्क्षणी तुटला असता, तोच हिसडा वाकलेल्या काठीवर येऊन निवतो. काठी दोऱ्याचे रक्षण करते ती आपल्या नम्रतेने.

येथेच काठी आणि दोरा यांच्या मेळाचे गणित सुरू होते. काठी फार ताठ आणि दोरा बारीक असेल, तर काठी वाकण्यापूर्वीच दोरा तुटतो. उलट काठी नाजूक आणि दोरा दांडगा असेल, तर दोरा तुटत नाही, पण काठी बुंध्यापर्यंत दुमडून मोडते. किंवा ती मोडली नाही तरी गळ माशाच्या कठीण जबड्यात रुतविण्याइतका जोर तिच्यातून पोचत नाही. काठीने आधी वाकावे, मग दोरा ताणला जावा, आणि अगदीच निरुपाय झाला तर दोरा तुटावा, काठी नव्हे. या क्रमात कोठेही उलटापालट झाली की सारा खेळ बिघडतो.

यात तरफेचाही एक नियम आहे, आणि तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. समजा, सात फुटांची काठी आडवी धरली आहे. एक हात बुंध्याशी आहे, दुसरा त्याच्या एक फूट पुढे आहे, आणि शेंड्याशी दहा पौंडांचा ओढा आहे. काठी मुळीच वाकली नाही असे मानले, तर पुढच्या हाताला सत्तर पौंडांइतका जोर सोसावा लागेल. म्हणजे लांब काठीत फायदा माशाचा होतो, मनुष्याचा नव्हे. काठी जसजशी वाकते, तसतसे शेंड्याचे अंतर कमी होऊन हा भार उतरत जातो. म्हणूनच मोठ्या माशासाठी होडीतून वापरावयाची काठी आखूड असते. किनाऱ्यावरून लाटांच्या पलीकडे गळ फेकावयाचा असेल, तर मात्र दहा-बारा फुटांची लांब काठी लागते; कारण तेथे पहिला प्रश्न अंतराचा असतो.

नदीतील हा हिशेब समुद्रावर नेला की तो अधिक कठीण होतो. नदीला दुसरा काठ असतो. समुद्रातील मासा एका दमात शेकडो फूट दोरा घेऊन जाऊ शकतो. नदीत कोणता मासा लागेल हे बहुधा सांगता येते. खाडीच्या तोंडाशी टाकलेल्या गळास किलोभराची शिंगाळा लागेल की माणसाच्या वजनाची घोळ, हे सांगवत नाही. लाटांमुळे होडी वरखाली होते आणि तिचा ओढाही दोऱ्यावरच पडतो. खडकांवरील शिंपल्यांच्या धारा दोरा कापतात. मिठाने लोखंड खाल्ले जाते. त्यामुळे समुद्रावर दोन्ही चुका महाग पडतात: दोरा फार बारीक असला तर मासा जातो, आणि फार जाड असला तर काठी व कधी कधी मनुष्यही संकटात येतो.

कोकणच्या कोळ्यांनी व गाबितांनी या प्रश्नाचे उत्तर फार जुन्या काळी आपल्या पद्धतीने काढले होते. ते काठीच वापरीत नसत. गळ, शिसे आणि लांब दोर एवढेच साहित्य होडीत असे. मालवणकडे या गळालाच गरी म्हणतात आणि गळाने मासे धरण्याला गरवणे हा सुटसुटीत शब्द आहे. येथे काठीचे काम मनुष्याचा हात करतो. कोपर व खांदा ही कमान होते. दोर बोटांतून सरकू देणे किंवा आवळणे हाच रोध होतो. मासा धावला की दोर सोडावयाचा, थबकला की ओढून घ्यावयाचा. दोर जाड असावा लागे. कारण बारीक दोराने तळहात चिरला जातो. सुरमई, कुपा, तांबोशी, गोबरा असे मासे या रीतीने धरले गेले. पोटासाठी जो समुद्रावर जातो त्याला मासा सुटणे परवडत नाही, म्हणून त्याच्या दोराचे बळ नेहमी माशाहून अधिक असे. या हिशेबात काही अनुचित नव्हते. मासा घरी येई, खाल्ला जाई किंवा विकला जाई.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना मात्र येथल्या माशांनी एक धडा शिकविला. विलायती नद्यांसाठी घडविलेली काठी व दोरा घेऊन ते डोंगरी नद्यांवर गेले, आणि महसीर या माशाच्या पहिल्याच धावेत ते साहित्य निकामी झाले. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांनी १८७३ साली मंगळूर येथे प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानातील गळाच्या विद्येवरील ग्रंथाने या विषयाचा पाया घातला. गोड्या पाण्यातील महसिराने जे शिकविले ते समुद्राच्या वाटेवरील पाठच होते: माशाच्या पहिल्या धावेस विरोध न करता दोरा द्यावा, आणि देता येईल इतका दोरा चरखीवर असावा.

याच शतकात हिंदुस्थानचा बांबू एका निराळ्या मार्गाने जगाच्या गळविद्येत शिरला. मध्य हिंदुस्थानच्या व महाराष्ट्राच्या जंगलांत वाढणारा भरीव बांबू भाल्यांच्या दांड्यांसाठी प्रसिद्ध होता. बांबूचे बळ त्याच्या बाहेरच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असते. आतला गाभा त्या मानाने दुबळा. पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावचा कारागीर सॅम्युअल फिलिप याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, कलकत्त्याच्या बंदरातून येणारा बांबू उभा चिरून, त्याच्या सालीकडील पट्ट्या सरसाने जोडून काठीचे भाग बनविले. पुढे हायरम लेनर्ड याने सहा त्रिकोणी पट्ट्यांची काठी मोठ्या प्रमाणावर तयार केली. अमेरिकेत या मालाला कलकत्ता बांबू असेच नाव पडले. नंतर चिनातील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. या काठीचा विशेष असा की, पट्ट्या किती तासावयाच्या यावर तिची लवचीकता कारागिराच्या हाती आली. आता काठी जंगलातून निवडून आणावयाची वस्तू राहिली नाही. ठरावीक दोऱ्यासाठी ठरावीक काठी घडविणे शक्य झाले.

समुद्रावर या मेळाचा नियम होण्याचा प्रसंग आला तो कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील सांता कॅटालिना बेटावर. चार्ल्स फ्रेडरिक होल्डर हा निसर्गाभ्यासक १८८६ साली तेथे गेला, तेव्हा हौशी लोक जाड दोर समुद्रात टाकून मोठमोठे मासे भराभर ओढून काढीत असल्याचे त्याला दिसले. हे मासे खाण्यासाठी धरले जात नव्हते. येथे कोकणच्या कोळ्याचा दोर आणि या पाहुण्यांचा दोर यांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. जाडी सारखीच असेल. पण एकाच्या मागे गरज होती, दुसऱ्याच्या मागे केवळ हाव. होल्डरने ठरविले की, ज्याला खेळ म्हणून मासा धरावयाचा आहे त्याने आपले बळ आपणच कमी केले पाहिजे. १८९८ साली त्याने काठी व चरखी वापरून १८३ पौंडांचा, म्हणजे सुमारे ८३ किलोंचा, निळ्या पंखांचा कुपा साडेतीन तासांहून अधिक झुंज देऊन धरला. आणि त्याच वर्षी तेथे ‘ट्यूना क्लब’ ही संस्था स्थापन झाली.

या संस्थेचे नियम पाहिले म्हणजे जुन्या इंग्रजी प्रबंधातील केसांची आठवण होते. तेथे केस मोजले जात. येथे धागे मोजले जाऊ लागले. समुद्रावरचा दोरा त्या काळी जवसाच्या तागाचा, म्हणजे लिननचा, पिळलेला असे. पुढे सर्वमान्य झालेल्या हिशेबाने त्यातील एका धाग्याचे बळ ओल्या स्थितीत सुमारे ३ पौंड धरीत. लिननचा गुण असा की, तो भिजला म्हणजे अधिक बळकट होतो. दोष असा की, खाऱ्या पाण्यातून काढून गोड्या पाण्याने धुऊन वाळविला नाही तर तो कुजतो. ट्यूना क्लबच्या जड वर्गात दोरा जास्तीत जास्त २४ धाग्यांचा, आणि काठीचा शेंड्याकडील भाग १६ औंसांहून जड नसावा. हलक्या वर्गात दोरा ९ धाग्यांचा आणि तो भाग ६ औंसांपर्यंत. याहून नाजूक असा तिसरा वर्ग झाला त्याला ‘तीन सहा’ असे नाव मिळाले: काठी किमान ६ फुटांची, सबंध काठीचे वजन ६ औंसांहून अधिक नाही, आणि दोरा ६ धाग्यांचा.

या नियमांत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. दोऱ्याची मर्यादा एकटी सांगितलेली नाही. तिच्या जोडीला प्रत्येक वेळी काठीचे माप सांगितले आहे. ६ धाग्यांचा दोरा म्हणजे सुमारे १८ पौंडांचे बळ. त्याला २४ धाग्यांच्या, म्हणजे सुमारे ७२ पौंडांच्या दोऱ्याची काठी जोडली, तर तो नियमात बसेल, पण पहिल्याच हिसड्यास तुटेल. काठी व दोरा ही दोन स्वतंत्र साधने नसून एकाच साधनाची दोन अंगे आहेत, हा सिद्धांत येथे नियमाच्या रूपाने मान्य झाला.

तरीही एक अंग अपुरे होते. मासा धावताना चरखी गरगर फिरे आणि तिला आवरण्यासाठी अंगठ्याने चामड्याचा तुकडा दाबून धरावा लागे. बोटे भाजत, हाडेही मोडत. १९१३ साली विल्यम बोशेन याने कॅटालिनाच्या समुद्रात ३५५ पौंडांचा तलवारमासा काठीने धरला, तेव्हा त्याच्या चरखीत आतल्या आत घर्षणाने रोध करणारी नवी योजना होती. आता ठरावीक ओढा बसेपर्यंत चरखी दोरा सोडीत नसे आणि त्याहून अधिक ओढा बसला की आपोआप सोडी. काठीची कमान, दोऱ्याचे बळ आणि चरखीचा रोध अशी ही त्रयी पूर्ण झाली. अनुभवाने असे ठरले की, रोध दोऱ्याच्या बळाच्या पाव ते एकतृतीयांश इतकाच ठेवावा. उरलेले बळ का राखावयाचे, असा प्रश्न सहज मनात येतो. त्याचे उत्तर सोपे आहे. गाठीजवळ दोरा मुळातच दुबळा होतो. पाण्यात लांबवर गेलेल्या दोऱ्याला पाण्याचे घर्षण होते. शिवाय चरखीवरील दोऱ्याचा वेढा अर्ध्या व्यासाइतका उतरला, तर तोच रोध दुप्पट जाणवू लागतो. जो सगळे बळ आधीच खर्च करतो, त्याच्यापाशी संकटाच्या क्षणी काहीच उरत नाही.

१९३९ साली न्यूयॉर्क येथील अमेरिकन निसर्गेतिहास संग्रहालयात आंतरराष्ट्रीय मत्स्यक्रीडा संघ स्थापन झाला. मायकेल लर्नर हा त्याचा प्रमुख प्रवर्तक. या संघाने जगभरच्या विक्रमांची नोंद दोऱ्याच्या वर्गानुसार करण्याची पद्धत पाडली. मासा किती मोठा, एवढेच विचारून भागेना. तो किती बारीक दोऱ्याने धरला, हेही सांगावे लागू लागले. धाग्यांची गणना मागे पडून पौंडांची आली. २०, ३०, ५०, ८० व १३० पौंड हे वर्ग रूढ झाले आणि नंतर त्यांना १०, १५, २४, ३७ व ६० किलो अशी मापे मिळाली. १९५३ साली पेरू देशातील काबो ब्लँको येथे आल्फ्रेड ग्लासेल याने १५६० पौंडांचा काळा मार्लिन मासा १३० पौंडांच्या वर्गातील दोऱ्याने धरला. माशाचे वजन दोऱ्याच्या बळाच्या बारा पट होते. हा चमत्कार नव्हे. पाण्यात माशाचे वजन जाणवत नाही, जाणवतो तो त्याचा ओढा; आणि तो ओढा काठीने, चरखीने व संयमाने वाटून घेतला, तर अल्प बळानेही मोठे कार्य होते.

मुंबईच्या वाचकांना या विषयाशी परिचय करून देणाऱ्या संस्थांत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नाव घेतले पाहिजे. महसीर व हिंदुस्थान-ब्रह्मदेशातील इतर झुंजार माशांवरील मॅकडोनल्ड यांचा ग्रंथ तिने १९४८ साली प्रसिद्ध केला. त्या सुमारास साधनांचे युगच पालटत होते. १९३८ साली नायलॉनची घोषणा झाली आणि लवकरच त्याचा एकतंतू दोरा बाजारात आला. दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतूंच्या काठ्या आल्या, १९७० नंतरच्या दशकात कार्बनतंतूंच्या आल्या, आणि १९९० नंतर पॉलिथिलीनच्या तंतूंचा विणलेला दोरा सर्वत्र पसरला. आज काठीच्या बुंध्याजवळच तिला साजणाऱ्या दोऱ्याचे बळ छापलेले असते. जे अनुभवाने शिकावे लागे, ते वाचता येऊ लागले.

परंतु छापलेला आकडा वाचणे वेगळे आणि त्याचा अर्थ जाणणे वेगळे. नायलॉन भिजल्यावर लिननसारखा बळकट होत नाही, उलट किंचित दुबळा होतो. पण तो ताणला जातो आणि त्यामुळे काठीचे काही काम आपल्याकडे घेतो. विणलेला पॉलिथिलीनचा दोरा जवळजवळ ताणतच नाही. त्याचे बळ तेवढेच असून जाडी फार कमी असते, म्हणून पुष्कळांना मोह होतो की, हलक्या काठीच्या चरखीवर चौपट बळाचा दोरा भरावा. मग दोरा तुटत नाही, ताणत नाही, आणि सारा धक्का काठीवर येतो. त्यात काठी डोक्यावर उभी धरली, तर वाकण्याचे काम एकट्या शेंड्यावर पडते आणि काठी मोडते. काठी जुनी असो वा कार्बनतंतूंची असो, ती मोडण्याचे कारण बहुधा हेच असते.

याहून मोठे नुकसान मात्र काठीच्या मालकाचे नसते. मेळ न साधल्यामुळे दोरा मधोमध तुटला, तर गळ व वावभर दोरा ओढीत मासा निघून जातो. लिननच्या काळी तो दोरा समुद्रात कुजून जाई. नायलॉन तसा कुजत नाही. तो वर्षानुवर्षे खडकांत, प्रवाळांत, कासवांच्या पायांत व पक्ष्यांच्या पंखांत गुंतून राहतो. जी चूक पूर्वी एका माशापुरती होती, ती आता त्या माशानंतरही उरते. तसेच केवळ कौशल्याच्या डौलासाठी अगदीच बारीक दोरा घेऊन माशाला तासन्‌तास दमविणे, हेही न्यायाचे नाही; कारण असा थकलेला मासा सोडून दिला तरी पुष्कळदा जगत नाही. दोरा कमी बळाचा असावा तो माशाला संधी मिळावी म्हणून, त्याचे हाल व्हावेत म्हणून नव्हे. होल्डरच्या काळी जाड दोराची हाव हा दोष होता. आज बारीक दोऱ्याची घमेंड हाही तितकाच दोष ठरू शकतो.

हा सारा विचार समुद्रकाठच्या लोकांपुरता आहे असेही नाही. हिंगोली जिल्ह्यात पूर्णेवरील सिद्धेश्वर व पैनगंगेवरील इसापूर या धरणांनी मोठे जलाशय निर्माण केले आहेत. तेथेही आज नायलॉनचाच दोरा पोचला आहे. आणि मरळ असो वा वांब असो, गळास लागलेला जीव तोच कायदा मानतो. घोड्याच्या केसांपासून पॉलिथिलीनपर्यंत पदार्थ बदलले, एका केसापासून ६० किलोंपर्यंत मापे बदलली. मनुष्याने काठी घेतली ती आपले बळ वाढविण्यासाठी. पण पाच शतकांच्या अनुभवाने त्याला शिकविले ते आपले बळ कोठे थांबवावे हे. ज्याने दोऱ्याची मर्यादा आधी ठरविली, तिला साजेशी काठी निवडली आणि चरखीचा रोध त्या मर्यादेच्या आत ठेवला, त्याच्या हातून मासा सुटला तरी तो धडधाकट सुटतो, आणि लागला तर तो न्यायाने लागतो.